संयुजांचा तक्ता पाठ आहे, तरी सूत्रं चुकतात

प्रश्न : बारावीनंतर शिक्षणात बराच खंड पडलेल्या एका वाचक ताईंनी यंदा औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला प्रवेश घेतला आहे. बाकीचे विषय जमताहेत, पण असेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्या चाचणीत संयुगांची नावं आणि सूत्रं या भागात त्यांना वीसपैकी सहाच गुण मिळाले. संयुजांचा (मूलद्रव्याची इतरांशी जोडलं जाण्याची क्षमता सांगणाऱ्या आकड्यांचा) अख्खा तक्ता पाठ असूनही असं झालं. सोबत त्यांनी चुकलेली सात उत्तरं लिहून पाठवली आहेत. त्यांचं म्हणणं असं : या वयात पाठांतर होत नाही, वर्गातली मुलं निम्म्या वयाची असल्यामुळे शंका विचारायची लाज वाटते, आणि सरांनी तर पुस्तकातलं नावही चूक ठरवलं. शाखा बदलून घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. सोडून द्यावं का?

ताई,

तुम्ही चुकांची यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. नुसतं ‘जमत नाही’ एवढंच लिहिलं असतंत, तर मलाही ‘धीर धरा’ याच्या पलीकडे काही सांगता आलं नसतं. यादी वाचल्यावर मात्र माझं निदान तुमच्या निदानापेक्षा वेगळं निघालं. तुम्ही दोष स्मरणशक्तीला देता. त्या सात उत्तरांमध्ये स्मरणशक्तीचा दोष मला एकाच ठिकाणी दिसतो, सल्फाइटच्या उत्तरात. बाकी सगळीकडे तुम्हाला आठवलेलं बरोबर होतं. आठवलेल्याचं पुढे काय करायचं, तिथे गाडी अडली. आणि ते तक्त्याच्या कागदावर लिहिलेलंच नसतं, त्यामुळे तो कितीही घोकला तरी हाती लागत नाही.

एक-एक उत्तर घेऊ. (सूत्रं आपण बोलतो तशी मी लिहिते आहे. वहीत अर्थातच अंक अक्षरांच्या खाली, लहान बसतील.)

मॅग्नेशिअम ऑक्साइडसाठी तुम्ही एमजी२ओ२ लिहिलंत. दोघांच्या संयुजा २ आणि २, त्यांची तिरपी अदलाबदल केली, की हेच येतं. युक्ती तुम्ही अचूक वापरलीत, पण ती मुळात एका मोठ्या गोष्टीची पळवाट आहे आणि ती मोठी गोष्ट कोणी सांगत नाही. संयुग विद्युतदृष्ट्या उदासीन असतं, म्हणजे सगळे धन प्रभार आणि सगळे ऋण प्रभार मिळून बेरीज शून्य व्हायला हवी. अ‍ॅल्युमिनिअमचा प्रभार अधिक ३, ऑक्साइडचा उणे २. दोन अ‍ॅल्युमिनिअम घेतले की अधिक ६ होतात आणि तीन ऑक्साइड घेतले की उणे ६. म्हणून एएल२ओ३. अदलाबदलीनेही तेच उत्तर येतं, पण का येतं ते आता दिसलं. मॅग्नेशिअमच्या बाबतीत अधिक २ आणि उणे २ एकास एक घेतल्याबरोबर शून्य होतात. काम तिथेच संपलं, सूत्र एमजीओ.

पुढे तुम्ही विचाराल की मग हायड्रोजन पेरॉक्साइडचं सूत्र एच२ओ२ का, त्याला दोनाने का भागत नाहीत? हा प्रश्न फार चांगला आहे आणि तो न विचारताच बहुतेक जण परीक्षा पास होतात. मॅग्नेशिअम ऑक्साइड हा आयनांचा, म्हणजे धन किंवा ऋण प्रभार असलेल्या कणांचा, रचून बसलेला स्फटिक आहे. त्यात ‘एक रेणू’ असा सुटा दाखवता येत नाही. त्याचं सूत्र फक्त प्रमाण सांगतं आणि प्रमाण नेहमी लहानात लहान अंकांत लिहायचं. हायड्रोजन पेरॉक्साइडचे मात्र सुटे रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत दोन हायड्रोजन, दोन ऑक्सिजन असतात. तिथे भागाकार केला तर पदार्थच बदलतो. ग्लुकोजचं सी६एच१२ओ६ आपण सहाने भागत नाही, ते याच कारणाने.

कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमधला कंस तुम्ही गाळलात. त्यासाठी गुण कापणं तुम्हाला अन्यायाचं वाटलं, पण मी इथे सरांच्या बाजूने आहे. सीएओएच२ याचा अर्थ एक कॅल्शिअम, एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन असा होतो. सीए(ओएच)२ म्हणजे एक कॅल्शिअम, दोन ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. कंसाबाहेरचा अंक आतल्या प्रत्येकाला गुणतो. यावर तुमच्या विषयातली पुढची सगळी गणितं उभी आहेत, कारण सूत्रातले अणू मोजूनच रेणुवस्तुमान काढायचं असतं. कंस सुटला की १७ गुणिले २ च्या जागी भलताच आकडा येतो आणि द्रावणाची तीव्रता चुकते. कार्बन मोनॉक्साइड लिहिताना तुमचा ओ लहान पडला, त्याचंही तसंच. सी मोठा आणि ओ लहान म्हणजे कोबाल्ट. त्यावर जास्त लिहीत नाही, हात सावकाश चालवला की ही चूक जाते.

आता यादीतली माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची चूक. एमजीसीएल२ चं नाव तुम्ही मॅग्नेशिअम डायक्लोराइड लिहिलंत. सूत्रात दोन दिसताहेत, कार्बन डायऑक्साइडमध्ये ‘डाय’ म्हणतात, मग इथे का नाही, असं तुम्ही पत्रात थोडं वैतागूनच विचारलं आहे. नाव देण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा असतो, तो राहून गेला : या संयुगात धातू आहे का?

धातू आणि अधातू मिळून आयनिक संयुग झालं असेल, तर अंक नावात घालायचे नाहीत. मॅग्नेशिअम आणि क्लोरीन यांचं नेहमीचं संयुग एकच आणि त्यातलं प्रमाण प्रभारांनीच ठरलेलं आहे. नाव ऐकणारा ते स्वतः काढू शकतो. दोन्ही अधातू असले की ही सोय उरत नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी किती प्रकारे जोडले जातात पाहा : एन२ओ, एनओ, एनओ२, एन२ओ३, एन२ओ४, एन२ओ५. ‘नायट्रोजन ऑक्साइड’ एवढंच म्हटलं तर यांतलं कोणतं? म्हणून मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा ही मोजणी नावातच करावी लागते : डायनायट्रोजन पेंटॉक्साइड, फॉस्फरस ट्रायक्लोराइड. अमोनिअम हा या वाटेवरचा एक फसवा पाहुणा. त्यात धातू नाही, तरी तो अधिक १ प्रभाराचा आयन आहे, त्यामुळे त्याची संयुगं पहिल्या गटात जातात. अमोनिअम सल्फेट म्हणायचं, डायअमोनिअम नाही.

हा एक प्रश्न प्रत्येक नावाच्या आणि प्रत्येक सूत्राच्या आधी विचारायची सवय लावलीत, तर तुमच्या चाचणीतल्या निम्म्या अडचणी तिथेच सुटतील. तक्ता घोकण्यापेक्षा ही सवय मला कितीतरी मोलाची वाटते.

पीबीओ२ ला तुम्ही प्लंबस ऑक्साइड म्हटलंत. मला वाटतं, सूत्रात २ दिसला आणि तो शिशाचा प्रभार समजलात. सूत्रातला अंक प्रभार सांगत नाही, संख्या सांगतो. शिसं, लोखंड, तांबं, कथील, पारा असे एकाहून जास्त प्रभार घेणारे धातू आले, की ऋण आयनाकडून उलट मोजत यायचं. ऑक्साइड उणे २, दोन ऑक्साइड म्हणजे उणे ४. शिसं एकच आहे, म्हणजे ते अधिक ४. शिशाचे दोन नेहमीचे प्रभार २ आणि ४. कमी असेल तो प्लंबस, जास्त असेल तो प्लंबिक. म्हणून प्लंबिक ऑक्साइड, किंवा लेड(४) ऑक्साइड. (कंसातला हा आकडा रोमन पद्धतीने लिहायचा असतो, हे तुम्हाला माहीत आहेच.)

इथून आपण सरांवर येतो. एफईसीएल३ साठी तुम्ही पुस्तकातलं आयर्न(३) क्लोराइड लिहिलंत, त्यांनी ते खोडून फेरिक क्लोराइड लिहिलं आणि गुण दिला नाही. ‘पुस्तकावर विश्वास ठेवायचा की सरांवर’, असं तुम्ही विचारलं आहे. या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे : दोघांपैकी एक चूक असलाच पाहिजे. तसं नाही. दोन्ही नावं एकाच पदार्थाची आहेत आणि दोन्ही वापरात आहेत.

नावं अशी दुहेरी का झाली, ते थोडं मागे जाऊन बघण्यासारखं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रसायनांची नावं ज्याला जशी सुचली तशी पडलेली होती. ‘ऑइल ऑफ व्हिट्रिऑल’ हे तेल नाही, ते सल्फ्युरिक आम्ल. ‘शुगर ऑफ लेड’ चवीला गोड खरं, पण ते लेड अ‍ॅसिटेट, म्हणजे विष. आपल्याकडची मोरचूद, नवसागर, सोरा ही नावंही तशीच : पदार्थ ओळखीचा असेल तरच उपयोगी, आत काय आहे ते सांगत नाहीत. १७८७ साली गितों द मोर्व्हो, लव्हाझिए, बर्तोले आणि फूर्क्रुआ या चार फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मिळून नव्या नामकरणाची पद्धत छापली. पदार्थ ज्यांपासून बनला त्यांवरून नाव, हे तिचं तत्त्व. सल्फेट, सल्फाइट असे शेवट त्या पद्धतीतून रूढ झाले. तुम्ही लिहिता ती अक्षरांची चिन्हं त्यानंतरची, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्वीडनच्या बर्झेलियसने सुचवलेली. त्याच्या आधी डाल्टन अणूंसाठी वर्तुळं काढत असे आणि पाण्यात एकच हायड्रोजन आहे असं समजत असे. सूत्रं कोणालाच आयती मिळालेली नाहीत.

कमी प्रभाराला ‘अस’ आणि जास्त प्रभाराला ‘इक’ हे शेवट पूर्वीपासून चालत आले. त्यांची अडचण अशी, की ते फक्त कमी-जास्त सांगतात, आकडा सांगत नाहीत. लोखंडात अस आणि इक म्हणजे २ आणि ३, तांब्यात १ आणि २, कथिलात २ आणि ४. म्हणजे प्रत्येक धातूचा जोड वेगळा लक्षात ठेवा. १९१९ मध्ये आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सुचवलं, की आकडाच कंसात लिहून टाकू. आयर्न(३) ही पद्धत त्याची. रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना, आययूपॅक, आज हीच पद्धत पुढे करते, फेरस-फेरिकची शिफारस करत नाही. मलाही आकड्याची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

पण तुम्ही औषधांच्या क्षेत्रात चालला आहात. तिथे लोहाच्या गोळ्यांच्या वेष्टनावर फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट असंच छापलेलं असतं आणि पुढची कित्येक वर्षं छापलेलं असेल. ती नावं वाचता न येणं तुम्हाला परवडणार नाही. तेव्हा माझा सल्ला : मनात आकड्याने विचार करा, आणि दोन्ही नावं लिहिता यायला हवीत. गुणाबद्दल भांडू नका, पण प्रश्नपत्रिका काढून शब्द बघा. ‘रूढ नाव लिहा’ असं असेल तर सरांचं बरोबर. नुसतं ‘नाव लिहा’ असेल तर तास संपल्यावर जाऊन विचारा : “सर, पुढच्या परीक्षेत दोन्हींपैकी कोणतंही नाव चालेल का, की फेरिकच हवं?” याला उत्तर देणं सोपं आहे, कारण त्यात त्यांची चूक काढलेली नाही. आणि हा प्रश्न वर्गातल्या इतरांच्याही मनात असणार. तुम्ही तो विचारलात तर निम्म्या वयाची ती मुलं मनातल्या मनात आभारच मानतील. त्यांना सगळं येतं हेही एक गृहीतच आहे. त्यांनी हा धडा दोन-तीन वर्षांपूर्वी वाचलेला आहे, तुम्ही त्याच्या कितीतरी आधी. तफावत एवढीच असू शकते.

राहिलं सल्फाइट. सोडिअम सल्फाइटसाठी तुम्ही एनए२एस लिहिलंत, ते सोडिअम सल्फाइड. इथे मात्र पाठांतर लागतं, पण तुम्ही करता त्यापेक्षा कितीतरी कमी. ‘आइड’ने शेवट होणाऱ्या ऋण आयनात सहसा एकच मूलद्रव्य असतं : क्लोराइड, सल्फाइड, ऑक्साइड. (हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे अपवाद, ते वेगळे लक्षात ठेवायचे.) ‘एट’ म्हणजे सोबत ऑक्सिजन आहे. ‘आइट’ म्हणजे ‘एट’पेक्षा एक ऑक्सिजन कमी, प्रभार मात्र तोच. सल्फेट एसओ४, प्रभार उणे २. त्यातला एक ऑक्सिजन काढा : एसओ३, प्रभार उणे २, झालं सल्फाइट. नायट्रेट एनओ३ उणे १, म्हणून नायट्राइट एनओ२ उणे १. क्लोरीनची तर चार पायऱ्यांची शिडीच आहे : परक्लोरेटमध्ये चार ऑक्सिजन, क्लोरेटमध्ये तीन, क्लोराइटमध्ये दोन, हायपोक्लोराइटमध्ये एक, आणि चौघांचा प्रभार उणे १. म्हणजे ‘एट’वाले तेवढे पाठ करायचे, ‘आइट’वाले त्यांच्यातून काढायचे. ऑक्सिजन किती हे मात्र ‘एट’ या शेवटावरून कळत नाही. सल्फेट आणि फॉस्फेटमध्ये चार, नायट्रेट आणि कार्बोनेटमध्ये तीन. तिथे पाठांतराला पर्याय नाही.

आम्लांची नावंही याच साखळीतून निघतात, वेगळी पाठ करू नका. ‘आइड’चं हायड्रो-इक आम्ल होतं (क्लोराइड, हायड्रोक्लोरिक), ‘एट’चं इक (सल्फेट, सल्फ्युरिक) आणि ‘आइट’चं अस (सल्फाइट, सल्फ्युरस).

पाठ करायचे आयन मी मोजून देते : अमोनिअम, हायड्रॉक्साइड, सायनाइड, नायट्रेट, क्लोरेट, अ‍ॅसिटेट, परमँगनेट, बायकार्बोनेट यांचा प्रभार १ (अमोनिअमचा धन, बाकी सगळ्यांचा ऋण). कार्बोनेट, सल्फेट, डायक्रोमेट उणे २. फॉस्फेट उणे ३. हे बारा झाले. धातूंपैकी सोडिअम, पोटॅशिअमसारखे आवर्तसारणीतल्या पहिल्या गणातले अधिक १, मॅग्नेशिअम, कॅल्शिअमसारखे दुसऱ्या गणातले अधिक २, अ‍ॅल्युमिनिअम अधिक ३, क्लोरीनच्या गणातले उणे १, ऑक्सिजन आणि गंधक उणे २. हे सारणीवर बोट ठेवून सांगता येतं, घोकायला लागत नाही. चांदी १, जस्त २. आणि वर सांगितलेले पाच दुहेरी धातू : लोखंड, तांबं, कथील, शिसं, पारा. तुमच्या तक्त्याच्या मानाने हे किती कमी आहे ते बघा.

पाठ करताना एक पथ्य पाळा, आयन कधीही प्रभाराशिवाय पाठ करू नका. तुमच्या तक्त्यात सूत्र एका रकान्यात आणि संयुजा दुसऱ्या रकान्यात, तीही धन-ऋण चिन्हाशिवाय असावी, असा माझा अंदाज आहे. परिणाम काय होतो सांगते. एसओ३ म्हणजे काय? प्रभार नसेल तर तो सल्फर ट्रायऑक्साइड, स्वतंत्र पदार्थ. वर उणे २ असेल तर सल्फाइट, जो एकटा बाटलीत मिळत नाही, त्याला सोबत सोडिअम किंवा दुसरा कोणी धन आयन लागतो. अक्षरं आणि अंक तेच, वस्तू निराळ्या. छोटे कागद कापा, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला सूत्र आणि वर प्रभार. दोन्ही बाजूंनी सराव करा, कारण नावावरून सूत्र येणं आणि सूत्रावरून नाव येणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही पहिल्याचाच सराव केलेला दिसतो.

हे सगळं एवढं कटाक्षाने का, असं वाटत असेल तर तुमच्याच क्षेत्रातली दोन उदाहरणं देते. पचनमार्गाची क्ष-किरण तपासणी करताना रुग्णाला बेरियम सल्फेट पाण्यात कालवून प्यायला देतात. बेरियम विषारी असतं, पण सल्फेट जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते शरीरात न भिनता बाहेर पडतं. त्या जागी बेरियम सल्फाइड आलं तर जठरातल्या आम्लाने बेरियम मोकळं होईल आणि विषबाधा होईल. दुसरं उदाहरण पाऱ्याचं. मर्क्युरस क्लोराइड, म्हणजे कॅलोमेल, एके काळी रेचक म्हणून सर्रास देत. मर्क्युरिक क्लोराइड हे जहाल विष, जंतुनाशक म्हणून वापरलं जाई. पहिल्याचं सूत्र एचजी२सीएल२, दुसऱ्याचं एचजीसीएल२. आणि हो, पहिल्याला दोनाने भागू नका. त्यात पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात, दोघांचा मिळून प्रभार अधिक २.

स्फटिकजलाचंही तसंच. ते तुमच्या यादीत नाही, पण पुढच्या चाचणीत येईल. फेरस सल्फेटच्या हिरवट स्फटिकांत प्रत्येक एफईएसओ४ सोबत पाण्याचे सात रेणू असतात. त्या सगळ्याचं वस्तुमान सुमारे २७८, त्यात लोखंड ५६, म्हणजे पाचवा हिस्सा. पाणी पूर्ण काढलं तर वस्तुमान १५२ वर येतं आणि लोखंडाचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त होतो. नाव दोघांचं फेरस सल्फेटच. नुसतं नाव वाचून वजन करणाऱ्याच्या हातून मात्रा चुकेल. म्हणून सूत्रातल्या टिंबापुढचा, म्हणजे पाण्याचा, भाग सोडायचा नाही. सोड्यांचंही ध्यानात ठेवा : खाण्याचा सोडा एनएएचसीओ३, धुण्याचा सोडा एनए२सीओ३ सोबत दहा पाणी, आणि कॉस्टिक सोडा एनएओएच, कातडी भाजून काढणारा. तिघांचं आडनाव एक म्हणून गुण एक नाहीत.

आता शाखा बदलायचं. महिनाअखेरची मुदत तुम्हाला घाई करायला लावते आहे, हे मला समजतं. तुमच्यासमोर तीन वाटा दिसतात : आत्ता सोडणं, काहीच न बदलता आणखी जोरात घोकणं, किंवा अभ्यासाची पद्धत बदलून बघणं आणि मग ठरवणं. दुसरी वाट मी सरळ खोडते. पहिलीबद्दल माझं मन मोकळं आहे. औषधांच्या कामात तुम्हाला रसच उरला नसेल, तर सोडण्यात कमीपणा काही नाही. पण पत्रात तसं कुठे दिसलं नाही. ‘बाकीचे विषय जमताहेत’ असं तुम्हीच लिहिलं आहे. एका प्रकरणातल्या एका चाचणीवरून आख्खी शाखा सोडणं मला उतावीळपणाचं वाटतं.

म्हणून तिसरी वाट, तीही बंधन घालून. दोन आठवडे रोज थोडी नावं आणि थोडी सूत्रं, वर सांगितल्या क्रमाने : आधी धातू आहे का हे पाहायचं, मग प्रभार लिहायचे, मग बेरीज शून्य करायची, मग कंस. प्रभार पेन्सिलीने आयनाच्या डोक्यावर लिहा आणि उत्तर झालं की खोडा. सुरुवातीला हे लहान मुलांसारखं वाटेल, वाटू द्या. चूक झाली की नुसतं बरोबर उत्तर लिहून पुढे जाऊ नका. चुकीच्या बाजूला एक शब्द लिहा : ‘कंस’, ‘धातू’, ‘प्रभार’, ‘पाठ’. दोन आठवड्यांनी ते शब्द मोजा. ‘पाठ’ सोडून बाकीचे घटत गेले असतील तर राहा, कारण पाठांतर सरावाने येतंच. चारही शब्द होते तितकेच राहिले, तर मुदतीच्या आत सरांशी बसून पुढचा विचार करा आणि तेव्हा हा कागद सोबत न्या. नुसत्या ‘मला जमत नाही’पेक्षा तो जास्त बोलेल.

वर्गातली मुलं फोनवर सूत्रं शोधतात असं तुम्ही लिहिलं आहे. तुम्हीही शोधा, पण स्वतःचं उत्तर शाईने लिहून झाल्यावर. आधी पाहिलं की डोळ्यांना ओळख पटते आणि आपल्याला येतं असा भास होतो. परीक्षेत ओळख पटवायला समोर काही नसतं.

नववी-दहावीतल्या मुलांचे पालकही मला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात : संयुजा पाठ करून घेतल्या, तरी सूत्र येत नाही. त्यांनाही हेच सांगेन. तक्ता पाठ म्हणून दाखवायला लावू नका. एक सूत्र द्या आणि ‘यात एकूण किती अणू आहेत, प्रभारांची बेरीज किती?’ असं विचारा. अडखळतील ती जागा तुम्हाला लगेच दिसेल.

सुरुवात म्हणून ही सात घ्या. सूत्र लिहा : अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट, अमोनिअम फॉस्फेट, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड, टिन(४) ऑक्साइड, कॅल्शिअम हायपोक्लोराइट. नाव लिहा : एफई२(एसओ४)३, सीयू२ओ. झाल्यावरच पुढचं वाचा.

उत्तरं : एएल२(एसओ४)३, यात एकूण १७ अणू. (एनएच४)३पीओ४, इथे कंस धन आयनाला आहे. एन२ओ४, दोन्ही अधातू, भागायचं नाही. एसएनओ२, अदलाबदलीने एसएन२ओ४ आलं असेल तर प्रमाण लहान करायचं राहिलं. सीए(सीएलओ)२, शिडीवरची सर्वांत खालची पायरी. मग फेरिक सल्फेट किंवा आयर्न(३) सल्फेट, कारण तीन सल्फेटचे उणे ६ दोन लोखंडांत वाटले जातात. आणि शेवटचं क्युप्रस ऑक्साइड किंवा कॉपर(१) ऑक्साइड. तिथे क्युप्रिक लिहिलं असेल, तर बाजूला ‘प्रभार’ हा शब्द लिहा आणि पीबीओ२ चा परिच्छेद पुन्हा वाचा.